बोट येते रस्त्याने

वाशीमहून हिंगोलीकडे निघालेल्या वाहनाला हिंगोली जिल्ह्यात शिरताना कनेरगाव नाका लागतो. या परिसरातून वाहणारी पैनगंगा दीर्घकाळ निजामाचे हैदराबाद राज्य आणि ब्रिटिश अमलाखालील वऱ्हाड यांच्यामधील सरहद्द होती. आज ती वाशीम आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांना विभागते. पैनगंगेच्या पुरात वाहून गेलेला ओंडका वर्धा नदीत, तेथून प्राणहितेत, पुढे गोदावरीत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात पोहोचू शकतो. मात्र समुद्रकिनाऱ्यावर बांधलेली बोट या वाटेने उलट दिशेने कनेरगावपर्यंत येऊ शकत नाही. हंगामी पाणी, खडकाळ पात्र आणि जागोजागची धरणे व बंधारे हे त्याचे कारण. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने वरच्या गोदावरीवर जलमार्ग उभारण्याचे काम सुरू झाले होते. वऱ्हाडचा कापूस पाण्यावरून समुद्राकडे नेण्याचा तो मनसुबा १८७१ साली सोडून देण्यात आला. तेव्हापासून आजतागायत या भागात इंजिनाची बोट हवी असेल, तर ती रस्त्यानेच आणावी लागते.

अशा बोटींची गरज मात्र वाढती आहे. पैनगंगेवरील इसापूर, पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर हे विस्तीर्ण जलाशय याच परिसरात आहेत. जलपर्यटन, मत्स्यव्यवसाय, जलाशयावरील देखरेख आणि मुख्य म्हणजे पूरबचाव यांसाठी लहान यांत्रिक बोटी लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली, तेव्हा बचावासाठी लष्कराची तुकडी छत्रपती संभाजीनगरहून बोलवावी लागली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे, तर राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे. ही सर्व ठिकाणे हिंगोलीपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. ही पथके प्रामुख्याने रबरी बोटी वापरतात, त्यामागे वाहतुकीचा विचार मोठा आहे. हवा सोडून घडी केलेली बोट आणि सुटे इंजिन कोणत्याही मालमोटारीत सहज मावते. वर्षानुवर्षे एकाच जलाशयावर वापरायची फायबरची बोट अशी घडी घालून नेता येत नाही.

आधी रुंदी मोजा

बोटीच्या वाहतुकीत वजनाला फारसे महत्त्व नाही. १८ फुटी फायबर बोट इंजिनासह बहुधा एक टनाच्या आतच भरते, आणि तेवढे वजन लहान टेम्पोही ओढू शकतो. अडचण होते ती आकाराची आणि त्यातही रुंदीची. केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मधील नियम ९३ नुसार मालवाहू वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर आहे. प्रत्यक्षात नेहमीच्या आयशर गाडीच्या हौद्याची आतील रुंदी साधारण ६ ते ७ फूट एवढीच असते. लांबीप्रमाणे १४, १७ आणि १९ फुटी हौदे बाजारात मिळतात. बोट हौद्याच्या आत बसली, तर काम सोपे होते. ती हौद्याच्या कठड्याबाहेर डोकावू लागली, तर मात्र सपाट पाटाची गाडी शोधणे भाग पडते. फाळका उघडा ठेवून बोटीचा मागचा भाग बाहेर काढण्याची प्रथा सर्रास दिसते. पण ती महागात पडू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार माल बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपये दंड आहे. शिवाय तो माल उतरविण्याचा खर्चही द्यावा लागतो.

म्हणून बोटीच्या विक्रेत्याने छापलेल्या पत्रकावरील मापावर विसंबू नये. बाजूचे रबरी पट्टे, कठडे, मागील बाजूस इंजिन अडकविण्याची चौकट हे सर्व धरून फितीने माप घ्यावे. उंची मोजताना हौद्याच्या तळाची जमिनीपासूनची उंची आणि बोटीखालच्या लाकडी बैठकीची उंची मिळवावी. काचेचा आडोसा आणि छताच्या नळ्या सुट्या करता येत असतील, तर त्या काढाव्यात. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकांवरील उंचीदर्शक कमान आणि गावातून लोंबणाऱ्या तारा माफ करीत नाहीत.

परदेशी चित्रपटांत दिसणारा, मोटारीमागे जोडलेला बोटीचा ट्रेलर भारतात अपवादानेच आढळतो. असा ट्रेलर कायद्याने स्वतंत्र वाहन मानला जातो आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. एका फेरीसाठी हा खटाटोप परवडत नाही. कनेरगाव नाक्याला रेल्वे स्थानक आहे. पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली रुंद झाला. तरीही पार्सल डब्याच्या दारातून १८ फुटी बोट आत जात नाही, त्यामुळे रेल्वेचा विचार इंजिन वेगळे पाठवण्यापुरताच करता येतो.

पाण्यात भक्कम, गाडीत नाजूक

पाण्यात बोटीच्या तळावर सर्व बाजूंनी सारखा दाब येतो. हौद्यात मात्र तिचे सारे वजन दोन-चार बिंदूंवर पडते. त्यातच मोठ्या गाडीचे पाटे पूर्ण भारासाठी बनवलेले असतात. पाच टनांच्या गाडीत पाऊण टनाची बोट ठेवली, की पाटे दबत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी उसळते. फायबरला केसासारख्या बारीक भेगा पडतात त्या यामुळे. त्या रंगाखाली लपतात आणि पाण्यात उतरल्यानंतर काही आठवड्यांनी ओल धरून उघड होतात. गाडीत वाळूची पोती ठेवून भार वाढविणे आणि चालकाला वेग कमी ठेवण्यास सांगणे हे दोन स्वस्त उपाय आहेत.

बोटीच्या तळाच्या आकाराप्रमाणे कापलेल्या लाकडी बैठका किमान दोन, शक्यतो तीन कराव्यात. वजन मुख्यतः तळाच्या कण्यावर पडावे. बाजूच्या आधारांचे काम फक्त बोट कलू न देण्याचे. त्यांवर जुन्या टायरचे तुकडे किंवा गोणपाटाच्या जाड घड्या ठोकाव्यात. बैठका हौद्याला पाचर मारून पक्क्या कराव्यात. बांधण्यासाठी सुतळी दोरापेक्षा घट्ट करता येणारे रुंद पट्टे चांगले. दोर ओला झाला की सैल पडतो. मात्र पट्टा कितीही ओढता येतो म्हणून तो कितीही ओढू नये, बाजू आत दबतात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवून सर्व पट्टे पुन्हा तपासावेत.

पावसाळ्यातील प्रवासात एक चूक हमखास होते. तळाचे बूच घट्ट लावून बोट रवाना केली जाते आणि पावसाचे पाणी आत साचते. पाच मीटर लांब व दीड मीटर रुंद जागेत केवळ १० सेंटिमीटर पाणी साठले, तरी ते ७५० किलो, म्हणजे जवळजवळ बोटीइतकेच होते. पाण्यात जे बूच बोट वाचवते, तेच रस्त्यावर काढून ठेवावे. ते चालकाच्या केबिनमध्ये नव्हे, तर सुकाणूला बांधलेल्या पिशवीत ठेवावे. ताडपत्री सैल सोडली, तर वाऱ्याने फडफडत ती रंगाची चकाकी घासून काढते.

आउटबोर्ड इंजिन काढून स्वतंत्र खोक्यात न्यावे. चार-स्ट्रोक इंजिन आडवे ठेवायचे असेल, तर कोणत्या बाजूवर, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चुकीच्या कुशीवर निजवल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते. पेट्रोलची टाकी रिकामी करावी, बॅटरीची तार सोडावी. समुद्रात वापरलेली बोट असेल, तर निघण्यापूर्वी इंजिन गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. एका जलाशयातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात जलपर्णीचा एखादा तुकडा अडकलेला असतो. तो नव्या पाण्यात सोडणे म्हणजे आपल्या हाताने संकट पेरणे.

कागदपत्रे

जकात नाक्यांचा काळ संपला. मुंबईतील जकातही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच बंद झाली. तिची जागा ई-वे बिलाने घेतली. महाराष्ट्रांतर्गत मालवाहतुकीसाठी सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपये आहे. नव्या बोटीची किंमत ती सहज ओलांडते. या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. मुंबई ते हिंगोली हे सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचे अंतर तीन दिवसांत बसते. परंतु बोट नियम ९३ च्या मर्यादेबाहेर गेली, की ती ‘मर्यादाबाह्य आकाराचा माल’ ठरते आणि मुदत दर २० किलोमीटरला एक दिवस धरली जाते. शिवाय परिवहन विभाग आणि रस्त्याशी संबंधित यंत्रणांच्या परवानग्या लागतात. फितीवरचे दोन-चार इंच किती भारी पडतात, हे यावरून कळावे.

वाहतूकदाराकडून बिल्टी घेतल्याशिवाय बोट सोपवू नये आणि बिल्टीवर बोटीची व इंजिनाची किंमत स्पष्ट लिहून घ्यावी. रस्ता वाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील नियमांनुसार जास्त किंमत नोंदवलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. नुकसानीची लेखी सूचना माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. गाडीच्या विम्यात आतील माल धरला जात नाही. प्रवासाचा विमा वेगळा काढावा. चढवताना आणि उतरवताना सर्व बाजूंनी तारीखवार छायाचित्रे घेतली, तर पुढचे बरेच वाद टळतात.

भाड्याबाबत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हिंगोली-वसमत भागातून हळद आणि सोयाबीन घेऊन बाहेर गेलेल्या गाड्यांना परतीचा माल हवाच असतो. तारखेची घाई नसेल, तर अशी परतीची गाडी बरीच स्वस्त पडते. मात्र पुराच्या तोंडावर ही सवलत शोधत बसण्यात अर्थ नाही.

नाक्यापासून पाण्यापर्यंत

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कसारा घाटाची वळणे टाळता येतात. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव येथे महामार्ग सोडून राष्ट्रीय महामार्ग १६१ ने वाशीम, कनेरगाव नाका आणि हिंगोली असा मार्ग आहे. इसापूरसाठी पुढे कळमनुरीकडे, तर सिद्धेश्वरसाठी औंढा नागनाथच्या दिशेने वळावे लागते.

लांबचा पल्ला सुखरूप पार पडतो आणि शेवटच्या दोन किलोमीटरवर घोटाळा होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मुंबईत बोट उचलायला हायड्रा हाकेसरशी मिळतो. जलाशयाच्या काठी तो आधीच सांगून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि काठावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. तेथे ना मालमोटार जाऊ शकते, ना हायड्रा. अशा वेळी कडक जमिनीवर बोट मालमोटारीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उतरवावी आणि ट्रॉली उलटी पाण्यात ढकलावी. गावातील ट्रॅक्टरचालक हे काम कोणत्याही यंत्रापेक्षा सफाईने करतात. जलाशयाच्या काठावर व धरणाच्या भिंतीवर वाहन नेण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी आवश्यक असते. यांत्रिक बोटीसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार सर्वेक्षण आणि नोंदणीही लागते. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते.

बोट पाण्यात उतरल्याबरोबर कोणालाही तीत बसवू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. क्षमतेचा आकडा बोटीवर रंगवलेला असावाच. प्रवासात तो पुसला गेला असल्यास आधी पुन्हा रंगवावा. बूच लावून, रिकामी बोट अर्धा तास काठाशी बांधून तळ कोरडा राहतो का, हे पाहावे. त्यानंतर इंजिन चढवून त्याचे बोल्ट आवळावेत आणि थंड पाण्याची धार मागून नीट पडते का, हे तपासावे. आणखी अर्ध्या तासाच्या फेरीनंतर बोट पुन्हा काठाला घेऊन तळाशी हात फिरवावा. प्रवासात पडलेली भेग डोळ्यांआधी बोटांना लागते.