धरमतरची वाट आणि सायकलचा ब्रेक

धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडमार्गें अलिबागेस जाणाऱ्या वाटेवर कार्लेखिंड लागते. आषाढाच्या झडींत ही खिंड सायकलीनें उतरणाऱ्याचा जीव चार लहानशा गुटक्यांच्या स्वाधीन असतो. हे गुटके चाकाला कोठें टेकावे, ह्या प्रश्नाच्या उत्तरांतच ब्रेकचा इतिहास सांठविलेला आहे.

आरंभीं उंच चाकाच्या सायकलींत चमच्यासारखा लोखंडी तुकडा थेट भरीव रबरी धावेवर दाबीत. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर पुढें आणला. त्याला हें घर्षण सोसवेना. तेव्हां दाब टायरवरून रिमवर आला, आणि त्याला दोन वाटा फुटल्या.

पहिली वाट सळईची. मुठीजवळील तरफ ओंढली कीं सळया नालाच्या आकाराचा पट्टा वर खेंचतात व गुटके रिमच्या आंतल्या अंगास भिडतात. दुसरी वाट तारेची. १८९६ सालीं बाउडननें नळींतून सरकणाऱ्या तारेचें पेटंट घेतलें. पुढें अशाच तारेनें ओढला जाणारा चिमटा रिमच्या दोन्ही कुशी दाबूं लागला.

दोहोंचे गुणदोष भिन्न आहेत. खड्ड्यांत आपटून चाक थोडें डुलूं लागलें, तरी सळईचा ब्रेक काम देतो. चिमट्याचे गुटके मात्र डुलत्या रिमला एका बाजूस घासतात. खाऱ्या हवेंत सळईवरचा गंज डोळ्यांस दिसतो. तार मात्र नळीच्या आंत गुपचूप गंजते. उलट चिमटा हलका असतो, आणि त्याची पकड थोड्या जागेंत बसते. १९९६ सालीं शिमानोनें बाजारांत आणलेल्या व्ही-ब्रेकनें लांब बाहूंच्या योगें ही पकड आणखी बळकट केली.

परंतु पावसापुढें दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं अडल्या. मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाण्याचा थर बसला कीं रबर निसटतें. त्यावर चामड्याच्या गुटक्यांचा उपाय निघाला. पण खरा फरक पडला तो ॲल्युमिनियमच्या रिमनें, कारण ओल्या स्थितींतही तिच्यावर रबराची पकड पुष्कळ टिकते. म्हणजे कोंकणच्या पावसांत सळई श्रेष्ठ कीं तार, ह्यापेक्षां रिमचा धातु कोणता, हाच प्रश्न मोठा ठरतो. पोलादी रिमच्या स्वारानें खिंडीच्या माथ्यावरच ब्रेक हलकेच लावून पाणी पुसून घ्यावें. उतार लागल्यावर तेवढी उसंत मिळत नाहीं.