मठातले वीरगळ

वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची शिल्पे पाहणाऱ्यास एक सोय असते. देऊळ भंगलेले असले, तरी मूर्ती बहुधा आपल्याच देवळाच्या भिंतीवर असते. तिचा संदर्भ शोधावा लागत नाही. जुन्या गोव्यात ही सोय नाही. तेथे कदंबकालीन वीरगळ आणि सतीशिळा फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठात उभ्या आहेत. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या या मठात १९६४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय सुरू झाले.

फ्रान्सिस्कन येथे १५१७ साली आले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. आजचे चर्च १६६१ चे आहे. आधीच्या चर्चचा मॅन्युएलाइन शैलीतला काळ्या दगडाचा दरवाजा मात्र त्यात राखला आहे. १८३५ साली गोव्यातील धर्मसंघ विसर्जित झाले आणि मठ ओस पडला. पुढे त्याच भिंतींच्या आत देवळांचे अवशेष आले. गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची चित्रेही याच संग्रहात आहेत. ही चित्रमालिका जुआंव द कास्त्रो याने १५४७ साली सुरू केली होती.

मराठीच्या अभ्यासकाने थांबावे ते येथील मराठी शिलालेखांपाशी. जेझुइट स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, तेही ओवीत. फ्रान्सिस्कनांपैकी गास्पार द सांव मिगेल याने कोंकणीचे व्याकरण लिहिले. परंतु २७ जून १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम निघाला, आणि त्यामागे फ्रान्सिस्कनांचाच आग्रह होता, असे कुन्या रिव्हारा यांनी १८५८ च्या आपल्या निबंधात मांडले. ज्या संघाने भाषा शिकली, त्याच संघाने ती नको म्हटली. आणि आज त्याच्याच मठात देशी अक्षरे जपली जात आहेत.

याला काळाने उगवलेला सूड म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. सूड म्हटले की व्याकरणकार नजरेआड होतो. नुसता समन्वय म्हटले की पाडलेली देवळे नजरेआड होतात. संग्रहालयातील वस्तूंना क्रमांक असतात, वास्तूला नसतो. वास्तविक येथील पहिला पुरावा ती वास्तूच आहे, आणि तिच्यासह वाचले तरच वीरगळाचा अर्थ पुरा होतो.