लोण

भाताची कापणी उरकली की भातसानगरच्या आसपासच्या गावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. धसकटं उपटून, पाणी मारून, जमीन चोपून मैदान होतं आणि फक्कीच्या रेषांनी १३ बाय १० मीटरचा आखाडा उमटतो. एका संघाचा शेवटचा गडी बाद झाला की आरोळी उठते, ‘लोण!’ आणि गुणलेखक दोन जादा गुण मांडतो.

लोण म्हणजे मुळात मीठ. संस्कृत ‘लवण’चं हे घरगुती रूप, लोणचंही त्याच घरातलं. खेळात या शब्दाची जुनी जागा आट्यापाट्यांत. पाटी धरणाऱ्याला हुलकावणी देत एकेक पाटी ओलांडायची, पलीकडे पोचायचं आणि तिथून लोण घेऊन परतायचं. एखादी चळवळ गावोगाव पसरली की ‘तिचं लोण पोचलं’ म्हणतो, ते याच खेळातून बोलीत आलं. हुतूतूत, म्हणजे आजच्या कबड्डीत, हाच शब्द अख्खा संघ बाद करण्याला मिळाला.

संजीवनी, गामिनी, अमर अशा तऱ्हांनी खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला महाराष्ट्रातल्या क्रीडामंडळांनी नियमांत बांधलं. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनमध्ये या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी कबड्डीच्या संघटनेला आयुष्य दिलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन असतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. इंग्रजी नियमपुस्तकातही आपला शब्द ‘लोना’ म्हणून कायम राहिला.

२०१८ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला हरवून सुवर्ण जिंकलं. त्यांना घडवलं होतं नाशिकच्या प्रशिक्षक शैलजा जैन यांनी. भारत हरला याची खंत आहेच, पण एका मराठी बाईनं विद्या परमुलखात रुजवली याचा अभिमान त्याहून मोठा. लोण पोचवणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

टीव्हीवर आता ‘लोण’ऐवजी सर्रास ‘ऑल आउट’ ऐकू येतं आणि शहापूर-मुरबाडची पोरंही तेच म्हणू लागली आहेत. सामन्यांचं समालोचन करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: माईक हातात असेल तेव्हा ‘लोण’च म्हणा. पोरांच्या कानांवर पडत राहिलं, तरच ते त्यांच्या तोंडी राहील.