गाणं कुणाचं, नाव कुणाचं?



गाण्याचा इतिहास लिहिणारे दरबारातल्या गवयांची घराणी मोजतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं घराणं कोण मोजणार? म्हणून ही हकिकत.

एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १८९३ साली काळ्या कुटुंबात जन्मली. भाऊ कामावर गेला की त्याचा बँजो गुपचूप वाजवायची. पोर डावखुरी, वाद्य उजव्या हाताचं. शिकवणारा कुणी नाही. तिनं वाद्यच उलटं धरलं. अंगठ्यानं सूर, बोटांनी खर्ज. पुढे जगभरचे गिटारवाले हीच तऱ्हा शिकू लागले.

पोरवयातच ती गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. पगारातून पैसा पैसा जमवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. घराजवळून मालगाडी जायची. त्या आवाजावर बाराएक वर्षांच्या या पोरीनं गाणं रचलं, 'फ्रेट ट्रेन'. मग लग्न झालं. चर्चवाले म्हणाले, हे संसारी गाणं सोड. गिटार सुटली ती कित्येक वर्षं.

पुढे वॉशिंग्टनच्या एका दुकानात ती कामाला असताना तिला एक हरवलेली मुलगी सापडली. तिनं ती आईच्या हवाली केली. ती पेगी सीगर. त्याच सीगरांच्या घरी तिला काम मिळालं. गंमत बघा, हे घर लोकगीतं गोळा करणारांचं. देशभरचं गाणं कागदावर उतरवत होते, आणि गाणं त्यांच्याच स्वयंपाकघरात राबत होतं!

पेगीनं ते गाणं पुढे इंग्लंडात म्हटलं. तिथं दोघांनी ते स्वतःच्या नावावर केलं. १९५७ साली चास मॅकडेविट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात ते ब्रिटनभर गाजलं. रेकॉर्डवर बाईचं नाव नाही. आमच्या ताग्यावर मिलचा शिक्का असतो, विणणाऱ्याचं नाव नसतं, तसंच.

पण पेगीचा भाऊ माइक टेपरेकॉर्डर घेऊन बाईच्या घरी गेला. १९५८ साली फोकवेज या छोट्या स्वतंत्र कंपनीनं तिची रेकॉर्ड काढली. सीगर मंडळी पाठीशी राहिली, भांडण झालं, तेव्हा कुठं गाण्यावर तिचं नाव आलं. साठी ओलांडून ती स्टेजवर उभी राहिली. १९८५ साली ग्रॅमी मिळालं. १९८७ साली ती गेली.

शेवट गोड झाला म्हणून टाळ्या पिटू नका. ती पोरगी दुकानात हरवलीच नसती तर? अशा किती बाया बिननावाच्या गेल्या?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा आपण नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. हा धडाही घ्या. आपले शाहीर शेवटच्या कडव्यात नाव गुंफतात. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) 'वामन' ही सही घराघरात ठाऊक आहे. पण गाणारानं शेवटचं कडवं गाळलं की सही गेली. आणि ज्या आयाबायांनी जात्यावर भीमाची ओवी रचली, त्यांची तर सहीच नाही.

तेव्हा जयंतीला नुसता लाऊडस्पीकर बांधू नका. वस्तीतल्या म्हातारीजवळ बसा. गाणं टेप करा. वहीत लिहा — कुणी रचलं, कुठं, कधी. आणि पहिल्या ओळीच्या आधी तिचं नाव घाला.