पहाटे तीन ते पाच

विमान दिवसा उडते आणि रात्री दुरुस्त होते. कंपनीला पैसा मिळतो तो विमान आकाशात असताना. म्हणून दिवसाचे शेवटचे उड्डाण संपले, की दिवे आणि शिड्या लावून माणसे त्याला भिडतात. चाके, ब्रेक, इंजिन, दारे, काचा असे एकेक तपासायचे, नोंद करायची, खाली सही करायची. सकाळी पहिला प्रवासी जिना चढतो, तेव्हा ही माणसे घरी झोपायला निघालेली असतात.

इतिहासाने त्यांची दखल क्वचितच घेतली. १९०३ साली विमान उडवणारे राईट बंधू आमच्या सातवीच्या मुलालाही ठाऊक असतात. त्यांच्या सायकलच्या दुकानात त्या विमानाचे इंजिन घडवणारा कारागीर चार्ली टेलर मात्र शिक्षकांनाही सहसा ठाऊक नसतो. तंत्रज्ञाचे काम चोख झाले तर सांगण्यासारखे काही घडतच नाही. बिघडले, की चौकशी बसते आणि मग इतिहास लिहिला जातो. अशाच एका रात्रीची हकिगत इथे सांगतो.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. आत ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. सुमारे १७,३०० फूट उंचीवर कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांना पायांशी घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला सुखरूप उतरवले. सगळे वाचले. कॅप्टनही वाचले.

ही काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. वेळ होती पहाटे ३ ते ५. पाळीवर माणसे कमी होती, म्हणून पाळीप्रमुखाने हे काम स्वतःच अंगावर घेतले. काच बसवायला ९० बोल्ट लागत. त्याने जुना बोल्ट काढून हातात घेतला आणि तसाच दुसरा शोधू लागला. पुस्तकात बघितले नाही. स्टोअरकीपरने योग्य क्रमांक सांगितला होता, पण याचा भरवसा हातातल्या नमुन्यावर. तसले बोल्ट पुरेसे मिळेनात, म्हणून तो दुसऱ्या ठिकाणच्या साठ्याकडे गेला. तिथे उजेड मंद होता. जुळवाजुळव नजरेने झाली.

चौकशीत दिसून आले, की ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक होते. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण ०.१ इंचाने आखूड होते. ०.०२६ इंच म्हणजे पाऊण मिलिमीटरही नव्हे! आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेल्या टर्नरला विचारा. एवढ्या फरकाने काय होते ते तो लगेच सांगेल. आटे नीट धरत नाहीत, बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि खरे म्हणजे घसरत असतो. त्यातून ही काच बाहेरच्या बाजूने बसवलेली. उंचावर गेल्यावर आतल्या हवेचा दाब तिला बाहेर ढकलणार, आणि सगळा भार बोल्टांवर येणार.

तो माणूस बेफिकीर नव्हता. चांगला, अनुभवी आणि मन लावून काम करणारा असाच त्याचा लौकिक होता. म्हणूनच ही हकिगत मला इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वाटते. १९९२ साली चौकशीचा अहवाल आला, तो एका माणसाला दोषी ठरवून थांबला नाही. साठ्याची मांडणी, अपुरी माणसे, आडवाटेने काम उरकण्याची रुळलेली पद्धत, हे सगळे त्याने पुढे मांडले. काचेचे काम दुसऱ्या कोणी तपासावे असा नियमच नव्हता. ज्याने केले, त्यानेच सही केली.

त्याआधी, १९८८ साली, हवाई बेटांवर एका बोईंग विमानाच्या छताचा मोठा भाग उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा बळी गेला. त्या विमानांची तपासणीही बरीचशी रात्री, उड्डाणांच्या मधल्या वेळात होत असे. अशा घटनांतून नवा विचार रुजला. १९९३ साली कॅनडाच्या वाहतूक खात्यातील गॉर्डन ड्यूपाँट यांनी देखभालीत चुका घडवणाऱ्या बारा कारणांची यादी केली. त्यात थकवा आहे, घाई आहे, आणि 'आजवर असेच करत आलो' ही सवयही आहे. देखभाल करणाऱ्यांना ती यादी आज जगभर शिकवतात.

आमच्या सीमाभागातली मुले आयटीआय, डिप्लोमा करून बेंगळुरू, हैदराबाद, गोव्याकडे जातात. त्यांतली काही विमानतळावर रात्रपाळी करतात. असाच एक माजी विद्यार्थी मला म्हणाला, "सर, तीन वाजले की डोळे उघडे असतात, पण आपण जागे असतोच असं नाही. म्हणून मी शेवटचा आटा मित्राला दाखवतो आणि त्याचा मी बघतो." ब्रिटिश अहवालाचे सार त्याने दोन वाक्यांत सांगितले.

माणसाचे शरीर पहाटे तीनला झोप मागते, आणि प्रामाणिकपणाने ती झोप भागत नाही. आपण मुलांना 'नीट लक्ष दे' एवढेच सांगतो. पण नीट लक्ष देता यावे म्हणून उजेड, पुरेशी माणसे आणि दुसरी नजर देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. कारखाना असो, इस्पितळ असो की विमानतळ, हा हिशेब सारखाच.

आणि घराचेही एक कर्तव्य आहे. ऐन दिवाळीत रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळी नऊला पांघरूण ओढून झोपला, तर त्याला नावे ठेवू नका. खिडकीचा पडदा ओढा, अंगणातल्या पोरांना फटाके थोडे लांब लावायला सांगा. त्याने रात्री सही केलेल्या विमानात आत्ता कोणाची तरी लेक माहेरी निघाली असेल.