चयापचयदृष्ट्या निरोगी स्थूलता

चयापचयदृष्ट्या निरोगी स्थूलता म्हणजे शरीरात अतिरिक्त मेद असूनही रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील मेदद्रव्ये सामान्य मर्यादेत असण्याची अवस्था होय. सारख्याच वजनाच्या दोन स्थूल व्यक्तींपैकी एकीला मधुमेह जडतो, तर दुसरी अनेक वर्षे त्यापासून मुक्त राहते, या निरीक्षणातून ही संकल्पना पुढे आली. ही संज्ञा वर्णनात्मक असून ते स्वतंत्र निदान नाही. बहुसंख्य व्यक्तींमध्ये ही अवस्था कायम टिकत नाही, असे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे.

व्याख्या व निकष

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार प्रौढांमध्ये हा निर्देशांक ३० किंवा त्याहून अधिक असल्यास ती स्थूलता समजली जाते. चयापचयाची स्थिती ठरवण्यासाठी बहुधा २००९ साली एकत्रित केलेले चयापचयी लक्षणसमूहाचे (मेटाबॉलिक सिंड्रोम) पुढील पाच निकष वापरले जातात :

* कमरेचा वाढलेला घेर (दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी किंवा अधिक)
* ट्रायग्लिसराइड १५० मिग्रॅ/डेसीली किंवा अधिक
* एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४०, तर स्त्रियांत ५० मिग्रॅ/डेसीलीपेक्षा कमी
* रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक
* उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिग्रॅ/डेसीली किंवा अधिक

यांपैकी तीन निकष पूर्ण झाल्यास चयापचयी लक्षणसमूह आहे असे मानतात. मात्र 'निरोगी' कोणाला म्हणावे, याविषयी एकमत नाही. काही संशोधक एकही दोष नसण्याची अट घालतात, तर काही एक-दोन दोष ग्राह्य धरतात. त्यामुळे निरनिराळ्या अभ्यासांत अशा व्यक्तींचे प्रमाण फार वेगवेगळे आढळते. तरुण वयात आणि स्त्रियांमध्ये ते सामान्यतः अधिक असते.

इतिहास

फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ साली स्थूलतेचे दोन प्रकार वर्णिले. पोटाभोवती मेद साठणारा प्रकार मधुमेह व रक्तवाहिन्यांच्या विकारांशी निगडित असतो, तर नितंब व मांड्यांवर मेद साठणारा प्रकार तुलनेने कमी घातक असतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. अमेरिकन वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली इन्सुलिन-प्रतिरोधाच्या मुळाशी जोडलेल्या दोषसमूहाला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. त्यांनी स्थूलतेचा समावेश या समूहात केला नव्हता.

कारणमीमांसा

मेद किती आहे याइतकेच तो कोठे साठतो हेही महत्त्वाचे ठरते. त्वचेखालील मेदपेशी अतिरिक्त ऊर्जा सुरक्षितपणे साठवतात. ही साठवणक्षमता अपुरी पडली की मेद यकृत, स्नायू व उदरातील अवयवांभोवती जमा होतो आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. फुगलेल्या मेदपेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होऊन सौम्य पण दीर्घकाळ टिकणारा दाह निर्माण होतो. इन्सुलिनच्या कार्यास पोषक असलेल्या अडिपोनेक्टिन या संप्रेरकाचे प्रमाणही घटते. चयापचयदृष्ट्या निरोगी स्थूल व्यक्तींच्या यकृतात तुलनेने कमी मेद आढळतो. आनुवंशिकता, शारीरिक हालचाल, वय व लैंगिक संप्रेरके यांचाही या भेदात वाटा असतो.

या मताला दोन बाजूंनी पुष्टी मिळते. लिपोडिस्ट्रोफी या विकारात त्वचेखालील मेद जवळजवळ नसतो. तरीही, किंबहुना त्यामुळेच, रुग्णास तीव्र मधुमेह व यकृतातील मेदवृद्धी होते. याउलट, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालचा सुमारे १० किलो मेद शस्त्रक्रियेने शोषून काढला, परंतु त्यांच्या इन्सुलिन-संवेदनशीलतेत सुधारणा झाली नाही.

भारतीयांतील 'कृश-मेदस्वी' शरीररचना

या भेदाची दुसरी बाजू म्हणजे सामान्य वजन असूनही चयापचय बिघडलेला असणे. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन एस. युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखले जाते. पुण्याजवळील गावांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो आढळले. पुण्याजवळील बालके लहानखुरी व कमी स्नायूंची असली, तरी त्यांच्यातील त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. म्हणजेच या शरीररचनेचा पाया गर्भावस्थेतच घातला जातो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २३ आणि स्थूलतेची २५ अशी खाली आणली.

दीर्घकालीन धोका

अमेरिकेतील ९०,००० हून अधिक परिचारिकांच्या ३० वर्षांच्या पाहणीत (२०१८) निरोगी चयापचयाच्या स्थूल स्त्रियांना, सामान्य वजनाच्या निरोगी स्त्रियांच्या तुलनेत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३९ टक्क्यांनी अधिक आढळला. २० वर्षांत अशा स्थूल स्त्रियांपैकी ८४ टक्के स्त्रियांचा चयापचय बिघडला. सामान्य वजनाच्या निरोगी स्त्रियांमध्येही हे प्रमाण ६८ टक्के होते. याशिवाय सांध्यांची झीज, निद्रेतील श्वासावरोध यांसारखे त्रास रक्ततपासणी निर्दोष असतानाही उद्भवू शकतात.

वैद्यकीय महत्त्व

केवळ वजनावरून एखाद्यास रोगी अथवा निरोगी ठरवणे योग्य नाही, हा या संकल्पनेचा मुख्य निष्कर्ष मानला जातो. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२५ साली, अवयवांच्या कार्यात बिघाड झालेली स्थूलता आणि तसा बिघाड अद्याप न झालेली स्थूलता असा भेद सुचवला. बीएमआयसोबत कमरेचा घेर किंवा प्रत्यक्ष मेद मोजण्याची शिफारसही केली. नियमित व्यायामाने वजन फारसे न घटताही यकृतातील मेद कमी होतो व इन्सुलिनचे कार्य सुधारते. निर्दोष अहवाल असलेल्या स्थूल व्यक्तीनेही ठरावीक काळाने तपासण्या करणे आवश्यक असते, तर सडपातळ व्यक्तीने केवळ वजनावर विसंबून तपासणी टाळणे धोक्याचे ठरू शकते.