कापसाची तेजी आणि १ जुलै १८६५

अमेरिकेतील यादवी युद्ध आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो, काळी माती आणि कापूस भूगोलाच्या तासाला आणि शेकडेवारी गणिताच्या तासाला. हे तिन्ही विषय मुंबईत एकदा एकत्र आले होते. बाजारातील तेजी-मंदी कशी घडते आणि दीर्घ मुदतीची गुंतवणूक कशाला म्हणावे, हे समजून घ्यायला ते उदाहरण फार चांगले आहे.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तेथूनच येत असे. तो थांबला तेव्हा गिरणीमालकांना हिंदुस्थानची आठवण झाली. आपला कापूस आखूड धाग्याचा, म्हणून एरवी दुय्यम समजला जाई. आता त्यालाच कित्येक पट भाव मिळू लागला. युद्धाच्या काळात मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जादा आले, असा अंदाज आहे.

हा पैसा ठेवायचा कोठे? नव्या कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्रात भर घालून जमीन मिळवू पाहणाऱ्यांसह ८ जमीन कंपन्या होत्या. त्यांत बॅक बे कंपनी सर्वांत गाजली. तिचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांवर गेला. जमीन तर अजून पाण्याखालीच होती! भाव वाढतो म्हणून लोक घेत होते आणि लोक घेतात म्हणून भाव वाढत होता. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत. त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे दिसताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही अनेक मोठ्या वायद्यांची तारीख होती. त्या दिवशी देणी भागवायला पैसा कोणाकडेच नव्हता. बँक ऑफ बाँबेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. तेजीबरोबर आलेली माणसे मंदीबरोबर निघून गेली.

येथे थोडे गणित करू. एकाने स्वतःचे १,००० आणि कर्जाचे ४,००० रुपये घालून शेअर घेतले. भाव २० टक्के उतरला की ५,००० चे ४,००० झाले. सावकाराचे पैसे वसूल होतील, पण याचे सर्व गेले. पुढे भाव वाढला तरी त्याचा याला उपयोग नाही, कारण वाट पाहण्याची सवड कर्ज देत नाही. मग स्वतःच्या पैशाने शेअर घेऊन जो थांबला तो वाचला काय? तेही नेहमी खरे नाही. ८७ चे पुन्हा २,८५० व्हायला जवळजवळ ३३ पट वाढ हवी, आणि येथे तर बँकच उरली नाही. तेव्हा नुसते थांबणे म्हणजे दीर्घ मुदतीची गुंतवणूक नव्हे. आपण ज्यात पैसे घातले ते वर्षानुवर्षे काही निर्माण करते की नाही, हे आधी पाहावे लागते.

कापसाचा जो भाव उतरल्याने सटोडिये बुडाले, तोच उतरलेला भाव सूतगिरण्यांना फायद्याचा ठरला, कारण त्यांचा कच्चा माल स्वस्त झाला. १८७० नंतर मुंबईत गिरण्या झपाट्याने वाढल्या. जमशेटजी टाटांच्या घराण्यालाही या मंदीचा मोठा फटका बसला होता. त्याच जमशेटजींनी १८७७ मध्ये कापूस पिकणाऱ्या मुलखाजवळ, नागपूरला, एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्यांनाही पुढे तेजी-मंदी सोसावी लागली. पण मंदीतही त्यांच्या चात्यांवर सूत निघत होते.

या हिशेबात शेतकऱ्याला विसरून चालणार नाही. तेजीत सावकारांनी त्याला हात सैल सोडून कर्ज दिले आणि भाव पडताच हात आखडता घेतला. सरकारने शेतसारा मात्र वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यांतल्या बहुतेकांनी शेअर हा शब्दही ऐकला नसेल. त्याच वर्षी मुंबईत शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तिचेच पुढे मुंबई शेअर बाजारात रूपांतर झाले.

वर्गात या काळाचा एक तक्ता करता येईल. एका स्तंभात घटनेचे वर्ष, दुसऱ्यात ती अमेरिकेत घडली की मुंबईत की खेड्यात, आणि तिसऱ्यात तिचा लाभ कोणाला झाला व तोटा कोणाला. तिसरा स्तंभ भरताना मुलांमध्ये वाद होतील. ते होऊ द्यावेत.